सॅलमनचे जुने प्लग दुरुस्तीला आलेत, हूक-जोडणी-रंग यातलं आधी काय करू?

एमआयडीसी_फिटर:

नमस्कार मंडळी. विषय सोलापूरचा नाही पण इथं बाहेर राहून आलेले आणि माशाचा नाद असलेले बरेच आहेत म्हणून विचारतोय. माझा चुलत भाऊ कॅनडात सरेला असतो, तिकडं मित्राच्या बोटीतून सॅलमनला जातो. यंदा गड्ड्याच्या जत्रेला घरी आला होता, जाताना एक डबा माझ्याकडं टाकून गेला, म्हणे दादा तुझा लेथवरचा हात आहे, ऑगस्टमध्ये वहिनींना घेऊन येणारच आहेस तर एवढं नीट करून घेऊन ये. डब्यात त्यानं कुठल्यातरी म्हाताऱ्याकडून घेतलेले जुने ट्रोलिंगचे प्लग आहेत. म्हणजे लाकडाचे नाहीतर पोकळ प्लास्टिकचे मासे, तोंड तिरकं कापलेलं, बोटीमागं ओढायचे. बहुतेक पाच इंची, मोतिया रंगाचे, काहींची पाठ हिरवी, थोडे लाकडी आहेत, एक मधोमध बाक असलेला आहे आणि एक असा की नाकातून पोटापर्यंत आरपार भोकच आहे, ओढायला डोळा म्हणजे दोरी बांधायची कडी वगैरे काही नाही.

तीनटोकी हूक सगळे गंजून गेलेत, स्क्रूचे डोळे हलतात, रंगाचे पोपडे निघालेत. मला धातूकाम कळतं, मासा कळत नाही. हिप्परग्याला लहानपणी बांबूला दोरी बांधून बसायचो तेवढाच अनुभव. तर हूक तीनटोकीच लावू का एकटोकी, किती मोठा, प्लगला चिकटून ठेवू का लांब सोडू, दोरी डायरेक्ट गाठ मारून बांधायची का मधे कडी घालायची, रंग आधी काढू का नंतर, आणि मुख्य म्हणजे हे बरोबर झालं का नाही ते इथं सोलापुरात बसून कसं तपासू? भाऊ फोनवर नुसता "अ‍ॅक्शन आली पाहिजे" एवढंच म्हणतो.

कडकभाकरी:

मालक तुमचा भाऊ हुशार हाय, तिकट काढून तुम्हाला बोलवायलाय आणि मजुरीबी वाचवायलाय 😄 एक प्लग उजनीत सोडून बघा की, चिलापीनं विचारलं पाहिजे हे कुठलं पाव्हणं आलं म्हणून.

व्हिक्टोरिया_रिटर्न:

डबा चांगला मिळालाय तुम्हाला. मी व्हँकुव्हर आयलंडला बरीच वर्षं होतो, आता जुळे सोलापुरात असतो. पहिलं सांगतो, रंगाला आत्ता हात लावू नका. नवीन माणूस आधी रंगाच्या मागं लागतो कारण दुकानात भिंतभर रंगच टांगलेले असतात, आणि मग सुंदर रंगवलेला पण पाण्यात ओंडक्यासारखा येणारा प्लग घेऊन बसतो. प्लगची सगळी किंमत त्याच्या हलण्यात आहे. ते तिरकं तोंड पाण्याला अडतं, पाणी एकदा या बाजूनं एकदा त्या बाजूनं निसटतं आणि प्लग डावी-उजवी मारत जातो, चिनूकला म्हणजे मोठ्या सॅलमनला तो जखमी हेरिंग मासा वाटतो. तुमचा भाऊ अ‍ॅक्शन म्हणतो ती हीच. आणि तुम्ही लावाल ती प्रत्येक कडी, प्रत्येक हूक, प्रत्येक गाठ ही अ‍ॅक्शन थोडी थोडी मारत असते, म्हणून जोडणी जेवढी हलकी आणि मोकळी तेवढी बरी.

गाठ प्लगच्या डोळ्यावर आवळून मारू नका. डोळा जखडला की नाक हलत नाही. एकतर सैल फासा राहील अशी गाठ मारा नाहीतर छोटी गोल स्नॅप म्हणजे उघडझाप होणारी कडी लावा, पण मग स्नॅपच्या पुढं लगेच जड स्विव्हल म्हणजे गरगर फिरणारी जोडकडी अडकवू नका, स्विव्हल लीडरच्या म्हणजे प्लगजवळच्या शेवटच्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला. लीडर साधारण सहा फूट, ३० ते ५० पौंड ताण सोसणारी नायलॉन नाहीतर फ्लोरोकार्बन. फ्लॅशर म्हणजे ती चमकणारी फिरती पट्टी प्लगच्या पुढं बहुतेक कोणी लावत नाही, प्लग स्वतःच पुरेसा हलतो, पुढं फ्लॅशर लावला की तो प्लगला आपल्या तालावर ओढतो.

हूक एकटोकी घ्या. तिकडं सिवॉश म्हणून मिळतो, लांब टोकाचा, त्याचं डोकं उघडं असतं, कडीत घालून पक्कडनं दाबून बंद करायचं. पाच इंचीला ५/० किंवा ६/० नंबरचा, सहा-सात इंचीला ७/०. हुकाचा बाक प्लगच्या शेपटीशी किंवा किंचित मागं आला पाहिजे. फार पुढं असला तर मासा नुसता शेपूट चावून जातो आणि फार मागं लोंबकळला तर प्लगची शेपूट जड होऊन हलणं बंद. मधे एक छोटी स्विव्हल किंवा मण्यांची साखळी घाला म्हणजे मासा गरगर फिरला तरी हूक पिळून निघत नाही, मोठा चिनूक पाण्यात लोळतो तेव्हा ताठ जोडलेला हूक उचकटून येतो.

आणि बी.सी.च्या म्हणजे तुमचा भाऊ राहतो त्या ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात सॅलमनला बिनकाट्याचाच हूक लागतो, हुकाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडनं दाबून सपाट केला तरी चालतं. दाबल्यावर हूक सुती फडक्यात टोचून बाहेर ओढून बघा, धागा अडकला तर काटा अजून शिल्लक आहे. सोलापुरात फडक्याला तोटा नाही.

एमआयडीसी_फिटर:

लई उपयोगाचं सांगितलंत साहेब. एक शंका, मूळ प्लगवर तीनटोकी होते म्हणजे बनवणाऱ्यानं त्या वजनाचा हिशोब धरूनच बनवला असणार ना? मग एकटोकी लावला तर वजन कमी होऊन तोल जाणार नाही का. सोनाराकडच्या काट्यावर जुना तीनटोकी आणि एक साधा मोठा हूक तोलून बघितला तर फरक चांगलाच आहे.

व्हिक्टोरिया_रिटर्न:

बरोबर जागी बोट ठेवलंत. म्हणूनच एकटोकी लावताना एक नंबर मोठा घेतात, तो जाड तारेचा असतो, वजन बऱ्यापैकी भरून येतं. तरी काही प्लग हलका हूक लावला की वेगात उलटे होतात, पोट वर करून गोल गोल फिरतात. तेव्हा पोटाखालच्या कडीला थोडी जड स्विव्हल घातली की शांत होतात. उलट प्रकार म्हणजे प्लग मुडद्यासारखा सरळ येतो, तेव्हा वजन कमी करायचं किंवा वेग वाढवायचा. प्रत्येक प्लगचा स्वभाव वेगळा, एकाच साच्यातले दोन प्लगसुद्धा सारखे चालत नाहीत, लाकडी तर बिलकूल नाही.

मिशिगनवाला:

मी मूळचा बाळीवेसचा, आता मिलवॉकीला. तुमच्या डब्यातला तो आरपार भोकवाला बहुतेक जे-प्लगच्या जातीचा आहे. आमच्याकडं लेक मिशिगनवर तो फार चालतो. सांगायची गंमत म्हणजे या तलावात सॅलमन मुळात नव्हताच, अलवाइफ नावाचा छोटा मासा बेसुमार वाढला, मरून किनाऱ्यावर खच पडायला लागला, तेव्हा मिशिगन राज्यानं १९६६ मध्ये पॅसिफिकमधला कोहो, सॅलमनचीच एक जात, आणि १९६७ मध्ये चिनूक आणून सोडला. आता पॅसिफिकसारखाच इथंही लोक पहाटे बोटी घेऊन निघतात.

त्या प्लगला डोळा नसतो ते मुद्दाम. लीडर नाकातून घालून पोटातून बाहेर काढायची, मग मणी, मग हुकाची जोडणी. ओढताना पाण्याच्या दाबानं प्लग मण्यावर बसलेला राहतो, मासा लागला की प्लग दोरीवरून वर सरकून जातो. त्यामुळं मासा डोकं झटकतो तेव्हा त्याला प्लगचा आधार मिळत नाही, नाहीतर पाच इंची दांडा तोंडाशी घेऊन तो हूक उपटून टाकतो. मणी भोकापेक्षा मोठा पाहिजे आणि गुळगुळीत पाहिजे. भोकाच्या कडा तपासा, जुन्या प्लगमध्ये कड धारदार होते आणि लीडर कापते, तुमच्याकडं लेथ आहे तर बारीक पितळी किंवा टेफ्लॉनची नळी आतून बसवून टाका.

मात्र एकटोकीवर माझं जमत नाही हो. मी जे-प्लगला दोन तीनटोकीच लावतो, काटेही ठेवतो, आमच्या इथं चालतं. तीनटोकीनं पकड जास्त बसते, विशेषतः चिनूक जेव्हा बाजूनं झेप घालतो.

सिएटल_सोलापूर:

मिशिगनवाले दादा, तुमच्या तलावात चालत असेल, पण फिटर साहेबांचा भाऊ खाऱ्या पाण्यात आहे. आमच्या वॉशिंग्टनच्या समुद्रात सॅलमनला एकटोकी बिनकाट्याचाच लागतो, तपासणीला अधिकारी बोटीवर येतात आणि हूक हातात घेऊन बघतात. बी.सी.त नियम भागाभागाप्रमाणं आणि हंगामाप्रमाणं बदलतात, कुठल्या भागात किती लांबीचा ठेवायचा, कुठला सोडायचा, ते निघायच्या आदल्या दिवशी मत्स्यखात्याच्या साइटवर बघणं आलंच. तुम्ही नुसते बोटीत बसून बघणार असाल तर ठीक, पण रॉड हातात घेणार असाल तर तुमच्या नावाचा समुद्राचा परवाना काढा, आणि सॅलमन घरी न्यायचा असेल तर त्यावर सॅलमनचा वेगळा स्टॅम्प लागतो. भावाच्या परवान्यावर तुम्ही धरायचं नाही.

आणि पकडीपेक्षा सोडण्याचा मुद्दा मोठा आहे. इकडं बऱ्याच ठिकाणी जंगली कोहो सोडून द्यावा लागतो, फक्त हॅचरीतला म्हणजे केंद्रात वाढवून सोडलेला ठेवायचा. ओळखायचं कसं तर हॅचरीवाले पिल्लू सोडताना त्याच्या पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात. मासा बोटीशेजारी आणायचा, पर आहे का नाही बघायचं, असला तर पाण्यातच हूक सोडवायचा. बिनकाट्याचा एकटोकी असला तर पक्कडनं फिरवला की सुटतो. तीनटोकी असला तर एक टोक जबड्यात, दुसरं डोळ्याजवळ, तिसरं तुमच्या जाळ्यात. लांबी कमी भरलेला चिनूकही असाच सोडायचा असतो, हूक काढण्यातच फार वेळ गेला तर मासा जगत नाही.

मिशिगनवाला:

सोडण्याबद्दल मान्य. पकडीबद्दल नाही. 🙂

व्हिक्टोरिया_रिटर्न:

पकडीचं म्हणाल तर कॅम्पबेल रिव्हरला टायी क्लब आहे, १९२४ पासूनचा. तिथं मेंबर व्हायचं असेल तर ३० पौंडांचा किंवा त्यावरचा चिनूक वल्ह्याच्या बोटीतून धरावा लागतो, मोटर बंद, दोरी २० पौंडांच्या वर चालत नाही, आमिष खरं चालत नाही, लूर म्हणजे बनावट आमिषच पाहिजे, आणि हूक एकच, एकटोकी, बिनकाट्याचा. एवढ्या अटीत लोक तीस-चाळीस पौंडाचे मासे काढतात म्हणजे एकटोकी धरतो की नाही ते बघा. टोक धारदार ठेवणं महत्त्वाचं. नखावर टोक हलकंच टेकवून ओढायचं, घसरलं तर कानस घ्या, रुतलं तर झालं.

तिथल्या वल्हं मारणाऱ्याकडून एक गोष्ट कळते, हळू ओढल्यावर जो प्लग नाचतो तो वेगळा आणि मोटरवर नाचतो तो वेगळा. मोटरबोटीत प्लग साधारण अडीच ते साडेतीन नॉटला चालवतात, म्हणजे ताशी साडेचार ते साडेसहा किलोमीटर. भावाला विचारून घ्या तो किती वेगानं ओढतो आणि त्या वेगाला जमवा.

कडकभाकरी:

आता मी कामाचं बोलतो. ताशी पाच म्हणजे माणसाच्या भरभर चालीचा वेग. कुणाचं शेततळं असेल तर काठानं चालत ओढायचं, झालं तुमचं ट्रोलिंग. पाणी स्वच्छ असतंय, प्लग दिसतोय. कालव्याला आवर्तन सुटल्यावर पुलावरून सोडला तरी वाहत्या पाण्यात जागेवर नाचंल पण कालव्याच्या कडंला जाऊ नका, घसरून माणसं जात्यात दरवर्षी. शेततळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागदबी तसाच, ओला झाला की पाय ठरत नाही, उतारावर उभं राहायचं नाही, वरच्या बांधावरनं चाला आणि लांब रॉड वापरा. एकट्यानं तर अजिबात नको. आणि हुकाची टोकं कापून टाका तपासताना, नाहीतर कागद फाटला म्हणून शेतकरी तुम्हालाच तळ्यात घालंल.

एमआयडीसी_फिटर:

हे झक्कास. सांगोल्याला मेव्हण्याचं डाळिंब आहे, शेततळं पण आहे. जुन्या हुकांची टोकं ग्राइंडरवर उडवून तेच लावतो म्हणजे वजन तेवढंच राहील. रविवारी जातो.

एमआयडीसी_फिटर:

जाऊन आलो. मेव्हणा आधी हसला, मग त्यानंच रॉड हातातून काढून घेतला आणि पोरंबाळं सगळी बांधावरून आमच्या मागं. सांगतो काय दिसलं ते.

मोतिया प्लास्टिकचे बहुतेक मस्त चालले, हातात रॉडचं टोक टकटकटक हलायचं, प्लग पाण्याखाली पोट दाखवत डावीकडं उजवीकडं मारत यायचा. मेव्हण्यानं मुद्दाम हळू चालून बघितलं तर टकटक बंद, वेग धरला की सुरू. एक हिरव्या पाठीचा मात्र सतत डाव्या बाजूला पळायचा, काठाला जाऊन चिकटायचा. एक बिलकूल मेलेला, नुसता खाली जायचा, हातात धरला तर इतरांपेक्षा जड, कानाशी हलवला तर आत पाण्याचा आवाज. आणि लाकडी दोन्ही वेग वाढवला की गपकन उलटे होऊन फिरायला लागले, दोरीला पीळ पडला. बाकवाला तर वेडाच आहे, एवढा रुंद झोका घेतो की हळू चाललं तरी रॉड हलतो.

यावर आता काय काय करायचं?

व्हिक्टोरिया_रिटर्न:

एवढं बघून आलात म्हणजे अर्धं काम झालं.

डावीकडं पळणाऱ्याचा ओढायचा डोळा किंचित उजवीकडं वाकवा. म्हणजे प्लगचं नाक पुढं धरून त्याची स्वतःची उजवी. नेहमी पळतो त्याच्या उलट बाजूला. केसभरच वाकवायचा, परत ओढून बघायचा, परत केसभर. एकदम वाकवला तर दुसरीकडं पळेल आणि पुढं-मागं वाकवून डोळ्याची मानच तुटेल.

पाणी भरलेल्याचं गळकं ठिकाण शोधायला तो वाळवा आणि मग कोमट पाण्याच्या भांड्यात दाबून धरा. आतली हवा तापून फुगते आणि जिथं फट आहे तिथून बुडबुडे येतात. बहुतेक वेळा शिवणीत नाहीतर स्क्रूच्या मुळाशी सापडतं. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होईल. फट सापडली की तिथं पेन्सिलीनं खूण करा, आतलं पाणी पूर्ण आटू द्या, मग दोन भागांचं इपॉक्सी, आपलं अराल्डाइट, भरा. घाईचं पाच मिनिटवालं नको, सावकाश सुकणारं घ्या, ते पाण्यात जास्त टिकतं.

लाकडी उलटे होतात कारण बहुधा वाळून हलके झालेत आणि तुम्ही लावलेला जुना हूक गंजून आणि टोकं उडवून मूळपेक्षा हलका झाला असेल. आधी जड हूक, मग पोटाखाली वजन. भोक पाडून शिसं भरायची घाई नको, ते परत काढता येत नाही. बाहेरून पोटाला शिशाची पातळ पट्टी टेपनं चिकटवून ओढून बघा, जागा आणि वजन पक्कं झालं की मगच आत भरा.

डोळे हलतात ते सगळे काढून स्टेनलेसचे बसवा. स्टेनलेस घेताना ३१६ घ्या, ३०४ खाऱ्या पाण्यात डाग धरतं. पितळी डोळा, लोखंडी कडी, स्टेनलेस हूक असं मिसळून लावलं की खाऱ्या पाण्यात त्यांच्यात विजेचा खेळ सुरू होतो आणि सगळ्यात कच्चा धातू आधी झिजतो. हे तुम्हाला मी सांगायला नको.

एमआयडीसी_फिटर:

३१६ ची तार आहे माझ्याकडं, डोळे मीच वळतो. स्क्रूचं भोक मोठं झालंय तिथं लाकडी प्लगमध्ये बांबूची काडी इपॉक्सीत बुडवून ठोकतो आणि त्यात नवीन बसवतो.

सिएटल_सोलापूर:

तो बाकवाला क्विकफिशच्या घराण्यातला दिसतो. तो नदीत जास्त चालतो, बोट प्रवाहात हळूहळू मागं सोडत नेतात आणि प्लग पुढं नाचत राहतो. ओरेगॉन-वॉशिंग्टनमध्ये त्याच्या पोटाला सार्डिनची पट्टी बारीक लवचिक दोऱ्यानं गुंडाळतात, वासासाठी. पट्टीची जाडी दोन्ही बाजूंना सारखी पाहिजे आणि पुढच्या टोकाला पातळ, नाहीतर प्लग एका अंगावर कलतो आणि डोळा परत वाकवत बसावं लागतं. भाऊ समुद्रात जात असेल तर हा बाजूला ठेवा, मोठ्या वेगाला तो उसळून वर येतो.

रंगारी_भवानीपेठ:

रंगावर कोणी बोलेना म्हणून मी बोलतो. गाड्यांचं टचिंग करतो, मासा खातो पण धरत नाही, पण हे काम माझ्या हातचं आहे.

पोपडे आलेला रंग सगळा खरवडू नका. चारशेच्या वॉटर पेपरनं पाण्यात घासा, सुटलंय तेवढं निघेल, धरून राहिलेलं राहू द्या, मग सहाशेनं गुळगुळीत. साबणानं धुऊन वाळवा, त्यानंतर हात लावायचा नाही, बोटाच्या तेलावर रंग बसत नाही. जुनं प्लास्टिक काही थिनरनं विरघळतं, म्हणून आधी पोटाला नखाएवढ्या जागेवर मारून बघा.

खवले असे काढायचे. मोतिया बेस सुकला की प्लगवर मच्छरदाणीचं कापड ताणून मागं चिमट्यांनी आवळा, सुरकुती राहू देऊ नका. त्यावर पाठीच्या बाजूनं हिरवा किंवा निळा हलका फवारा, एक हात पुरे. लगेच उचलायचं नाही, हाताला चिकटेनासं झालं की सरळ वर उचला, ओढू नका. मच्छरदाणीची षटकोनी भोकं असतात, खवले हुबेहूब उठतात. चौकोनी जाळी असली तर गोणपाटाचा शिक्का मारल्यासारखं दिसतं.

वर गाडीचा टू-के क्लिअर म्हणजे दोन भाग मिसळायचा पारदर्शक थर मारा पण मास्क लावून, मोकळ्या हवेत, त्याची वाफ छातीला वाईट. आणि आत्ता सोलापूरचं ऊन बघता हे काम सकाळी सातच्या आत उरका, दुपारी रंग हवेतच सुकून प्लगवर पावडर पडते.

व्हिक्टोरिया_रिटर्न:

मस्त. फक्त थर पातळ ठेवा, क्लिअर जाड झाला तर नाकाचा कोन गोल होतो आणि पाणी अडवायची धारच जाते. त्या तिरक्या तोंडाची कड टेपनं झाकून ठेवली तर उत्तम. रंगवल्यावर परत एकदा शेततळ्यात न्या.

रंग कुठला ते भावाला विचारा, पण खोल पाण्यात लाल आधी काळा पडतो, मग नारिंगी, हिरवा-निळा जास्त खोल टिकतो. डाउनरिगरच्या म्हणजे बोटीवरच्या तारेला टांगलेल्या जड गोळ्यानं प्लग शंभर-दीडशे फूट खोल न्यायचा असेल तर हिरवी पाठ, मोतिया पोट, आणि एक-दोनांना अंधारात चमकणारा रंग. गोळ्याच्या तारेपासून प्लग मागं २०-३० फूट तरी सोडायचा, पाणी निवळ असेल तर ५०-६०, नाहीतर तार दिसते. बोटीतून सोडताना आधी शेजारीच पाण्यात धरून नाचतो का बघायचं, मग खाली. शेवाळाचा एक तुकडा हुकाला अडकला तरी नाच बंद पडतो, म्हणून रॉडचं टोक टकटकायचं थांबलं की वर ओढून बघायचं.

कडकभाकरी:

मालक एक राहिलं, उजनीत मरळीला हे लागंल का?

एमआयडीसी_फिटर:

मेव्हण्यानं पण हेच विचारलं 😄 लाकडी दोघांपैकी एक त्यानं मागून घेतलाय.

व्हिक्टोरिया_रिटर्न:

मरळ झेप घालेल, पण ती काठाच्या गवतात बसते, हा प्लग तिथं चार हात जायच्या आत अडकतो. मोकळ्या पाण्यात ओढायचा प्रकार आहे हा.

एमआयडीसी_फिटर:

शेवटचं विचारतो, विमानात कसं न्यायचं? हूक लावून नेऊ का सुटे?

सिएटल_सोलापूर:

सगळं चेक-इन बॅगेत, केबिनमध्ये मोठे हूक घेऊन गेलात तर सिक्युरिटीवाले काढून ठेवतील. हूक सुटे करून टोकांना थर्माकोलचा तुकडा टोचा आणि डब्यात बंद करा. रंगाचा स्प्रे आणि थिनर मात्र कुठल्याच बॅगेत चालत नाही, रंग उरला तर घरीच ठेवा. शिशाच्या पट्ट्या पण नेऊ नका, उगाच वजन, तिकडं मिळतात. हूक अडकवायची स्प्लिट रिंग, म्हणजे किल्लीच्या कडीसारखी दुहेरी कडी, उघडायची पक्कड तेवढी न्या, बोटीत थंडीनं बोटं आखडलेली असतात, नखानं रिंग उघडत नाही.

मिशिगनवाला:

आणि एक दोन जादा मणी. भोकवाल्याचा मणी फुटला की तो प्लग निकामी.

एमआयडीसी_फिटर:

मणी नायलॉनच्या रॉडमधून लेथवरच काढतो, आरपार भोकाचा व्यास साडेतीन मिलिमीटर आहे, आठचा मणी पुरे ना?

मिशिगनवाला:

सहाचा पण चालेल, कडा फक्त गोल करा.